‘ढ’ कोणास म्हणावें?

ज्या मुलाला शाळेंत वाचतां येत नाहीं त्याला ‘ढ’ म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे इतका जुना आहे कीं, ती एक शिवी आहे हेंहि आपण विसरून गेलों आहों. तिची व्युत्पत्ति सांगणारे सांगतात कीं, अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या बाळबोधीपर्यंत सारीं अक्षरें बदललीं, वळलीं, नवीं रूपें घेऊन पुढें सरकलीं. एकटा ‘ढ’ दोन हजार वर्षें जसाच्या तसा राहिला. म्हणून जो मुलगा वर्षानुवर्षें एकाच जागीं बसून राहतो तो ‘ढ’. ही व्युत्पत्ति खरी असो वा मागाहून रचलेली असो, ब्राह्मींतला ढ व आपला ढ यांच्यांत फारसा फरक नाहीं ही गोष्ट खरी आहे. परंतु तिच्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र उफराटा आहे. ढ पुढें सरकला नाहीं यांत त्याचा अपराध कोणता? लिहिणाऱ्या हातांनींच त्याला नवें वळण दिलें नाहीं. वर्गांतल्या ‘ढ’ची कथाहि याहून निराळी नाहीं, असें मला या लेखांत सांगावयाचें आहे, आणि तें सांगतांना ज्यांचे हात लिहिणारे आहेत त्या आपल्या शिकलेल्या मध्यम वर्गास, म्हणजे या मासिकाच्या वाचकांस व मलाहि, चार कटु शब्द ऐकावे लागणार आहेत. त्याबद्दल आरंभींच क्षमा मागून ठेवतों.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हें गांव आहे. तेथें आमचें वडिलोपार्जित घर व थोडें वावर आहे. वर्ध्यास विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविण्यांत आठवडा गेला कीं, रविवारीं मी तेथें जातों. गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं खताच्या गोण्या उतरवून घेत असतांना आमच्या सालदाराचा मुलगा बापाचा डबा घेऊन आला होता. वय बारा, इयत्ता सातवी. विहिरीवरची मोटर बंद पडली तर ती कशानें पडली हें बापाच्या आधीं त्याला उमगतें. गोण्या किती, दर काय, पैसे किती झाले, हा हिशेब त्यानें मी खिशांतला चष्मा काढीपर्यंत तोंडीं करून सांगितला. सहज म्हणून मीं त्याला गोणीवरचीं अक्षरें वाचावयास सांगितलें. त्यानें बोट ठेवलें, ओठ हलविले, आणि ‘खत’ या शब्दापाशीं येऊन तो म्हणाला, “रवत.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यानें अंदाजानें दुसरा शब्द फेकला, तिसरा फेकला, आणि शेवटीं हंसत हंसत विहिरीकडे निघून गेला. तें हंसणें मला ओळखीचें वाटलें. पुष्कळ दिवस मार खाल्लेल्या माणसाचें तें हंसणें होतें. बाप ओशाळून म्हणाला, “याच्या डोक्यात भुसा नाही जी, सर, पन पुस्तक पाह्यलं का भेते.” शाळेंत त्याला काय म्हणतात हें मीं विचारलें नाहीं. तें विचारावें लागत नाहीं.

त्या दिवशीं घरीं परत येतांना मला आठवण झाली ती त्या मुलाची नव्हे, तर पंचवीस वर्षांपूर्वींच्या माझ्या एका विद्यार्थ्याची. ‘मॅकबेथ’वर वर्गांत चर्चा निघाली म्हणजे हा शेवटच्या बांकावरून असे प्रश्न विचारी कीं, मला दुसऱ्या दिवशीं उत्तराची तयारी करून यावें लागे. पण त्याचा लेखी पेपर हातीं आला म्हणजे एकेका ओळींत चार चार चुका. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनीं लिहिलेला. मीं लाल शाईनें ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारला. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, मी चार वेळां वाचून पाहिलं.” मला तें खोटें वाटलें. तो नापास झाला आणि पुढल्या वर्षीं दिसला नाहीं. आज मला माहीत आहे कीं, तो खरें बोलत होता. चार वेळां वाचूनहि ज्याला स्वतःची चूक दिसत नाहीं असा मनुष्य असूं शकतो, आणि तो आळशी किंवा मंद नसतो, हें मला कोणी शिकविलें नव्हतें. आणि माझ्या पगारांत शिकून घेणेंहि बसत होतें, हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

हा प्रकार नवा मुळींच नाहीं. इंग्लंडांतल्या ससेक्स परगण्यांत प्रिंगल मॉर्गन नांवाच्या डॉक्टरानें १८९६ सालीं ब्रिटिश वैद्यक नियतकालिकांत एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, दृष्टि उत्तम, गणित बरें. पण सात वर्षें शिकवूनहि त्याला साधे शब्द वाचतां येईनात. सगळें शिक्षण तोंडीं असतें तर हाच मुलगा शाळेंत पहिला आला असता, असें त्याच्या मास्तरांचें मत त्या डॉक्टरानें नोंदलें आहे. त्याच्याहि आधीं, १८८७ मध्यें, बर्लिन नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द प्रौढांतल्या एका वाचनदोषास दिला होता. तोच पुढें या मुलांस लागू झाला. आज आपण ज्यास ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतों त्यांत वाचनाचा, लेखनाचा व आंकडेमोडीचा असे तीन मुख्य प्रकार मोडतात. बुद्धि सामान्य किंवा सामान्याहून अधिक असते, डोळे व कान शाबूत असतात, शाळाहि मिळालेली असते. तरी अक्षराचें चिन्ह व त्याचा ध्वनि यांची गांठ मेंदूंत इतरांसारखी आपोआप बसत नाहीं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या प्रमाणग्रंथांत अशा मुलांचें प्रमाण शाळकरी वयांत शेंकडा ५ ते १५ असें धरलें आहे. खालचा आंकडा घेतला तरी चाळीस मुलांच्या वर्गांत अशीं दोन मुलें बसलेलीं आहेत. आपण ज्या ज्या वर्गांत शिकलों त्या प्रत्येक वर्गांत तीं होतीं. त्यांचीं नांवें आठवून पाहावीं, म्हणजे त्यांना आपण काय म्हणत होतों तेंहि आठवेल.

येथें पहिला पूर्वपक्ष असा येतो कीं, हें सारें इंग्रजीचें दुखणें आहे. इंग्रजींत लिहितात एक व वाचतात एक. आपली देवनागरी जशी उच्चारावी तशी लिहावी अशी शास्त्रशुद्ध. तींत हा रोग कोठून येणार? या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे. इटालियन, फ्रेंच व इंग्रज वाचकांची तुलना करणारें एक संशोधन २००१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं, वाचनदोष असलेले इटालियन त्याच दोषाच्या इंग्रज व फ्रेंच माणसांपेक्षां बरें वाचतात, कारण त्यांची लेखनपद्धति सरळ आहे. पण वाचतांना मेंदूचा जो भाग मंद चालतो तो तिघांचाहि एकच. म्हणजे लिपि सोपी असेल तर ओझें हलकें होतें, नाहींसें होत नाहीं.

आणि आपली लिपि सोपी कोणाला? जो शिकून बसला आहे त्याला. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनीं तिच्याकडे एकदां पाहावें. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष यांच्यांत एका रेघेचा, एका गांठीचा फरक. ‘ड’ला थोडें शेपूट फुटलें कीं ‘इ’. पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं काढावयाची आणि उच्चारावयाची मागाहून. डावीकडून उजवीकडे वाचावें असें शिकविल्यावर हा नियम प्रामाणिकपणें पाळणारें मूल ‘दिवस’ हा शब्द ‘इदवस’ असा वाचूं लागलें तर त्यानें चूक केली कीं आज्ञा पाळली? कांहीं चिन्हें वर बसतात, कांहीं खालीं, कांहीं मागें, कांहीं पुढें. एक ‘र’ घेतला तर तो ‘प्रकार’ शब्दांत पायाला लोंबतो, ‘ट्रक’मध्यें खालीं टोपी घालून बसतो, ‘सूर्य’मध्यें डोक्यावर चढतो, आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांत पुढच्या अक्षराला बिलगून राहतो. हें चौथें रूप तर आपल्या मराठीचें खास लेणें आहे. जोडाक्षरांत दोन अक्षरें एकमेकांत विरघळतात. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांच्यांत तर मूळचीं अक्षरें शोधूनहि सांपडत नाहींत. आणि एवढ्यावर ऱ्हस्वदीर्घाचा कायदा. ज्या मुलाच्या मेंदूंत चिन्ह व ध्वनि यांची गांठ सहज बसते तें हें सर्व कधीं शिकलें हें त्याला कळतहि नाहीं. ज्याच्या मेंदूंत ती बसत नाहीं त्याला प्रत्येक ओळ म्हणजे रात्रीच्या अंधारांत ओढा ओलांडण्यासारखी आहे. एकेक पाऊल चांचपून टाकावें लागतें, आणि पलीकडे पोंचेपर्यंत निघालों कोठून हें विसरतें. म्हणूनच मनेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें भारतीय भाषांसाठीं वाचनदोषाची चांचणी तयार केली तेव्हां ती हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठींतहि केली. तिचा उपयोग किती शाळांत होतो हा प्रश्न निराळा.

आतां या पूर्वपक्षाच्याच आधारें मी आपल्या वर्गास विचारतों: सरळ लेखनपद्धतींत अशा मुलाचें ओझें हलकें होतें हें जर खरें, तर ज्या मुलाला घरच्या भाषेंतलीं अक्षरें लागत नाहींत त्याला आपण परक्या भाषेच्या, त्यांतूनहि अत्यंत वाकड्या वर्णलेखनाच्या शाळेंत कां घालतों? मी जन्मभर इंग्रजीवर पोट भरलें आहे. त्या भाषेविषयीं मला वैर नाहीं, आणि तिचीं वर्णलेखनें कोणत्याहि नियमास जुमानीत नाहींत हें मला इतरांपेक्षां अधिक ठाऊक आहे. तालुक्याच्या गांवाहून निघालेल्या पिवळ्या गाड्या आतां खेड्यापाड्यांतून मुलें गोळा करून नेतात. त्यांतलीं किती मुलें दोन ओझीं एकदम उचलीत असतील याचा विचार फी भरतांना कोणी करीत नाहीं.

दुसरा आक्षेप सवलतींचा आहे, आणि येथेंच आपल्या वर्गाचें खरें पाप उघडें पडतें. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती देण्याचा मान देशांत प्रथम महाराष्ट्र शासनाकडे जातो. तें वर्ष १९९६. त्याच वर्षीं मुंबईंत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था निघाली, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणीं तपासणीचें काम चालूं झालें. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका न मोजणें, एका भाषेची सूट, खालच्या इयत्तेचें गणित, अशा या सवलती आहेत. त्या न्याय्य आहेत. ज्याला लेखणी चालवितां येत नाहीं त्याला अधिक वेळ दिल्यानें इतरांचे गुण कमी होत नाहींत. पुढें २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकारांच्या यादींत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हिचें नांव आलें. अशीं मुलें शक्य तितक्या लौकर ओळखून त्यांस योग्य रीतीनें शिकवावें, असें शाळांचें कर्तव्य त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. इतर मुलांबरोबर एकाच शाळेंत शिक्षण देणें हाच त्या कायद्याचा मुख्य रोख आहे.

पण या पंचवीस तीस वर्षांत झालें काय? कायद्याचीं दोन कलमें होतीं: एक शिकविण्याचें, दुसरें सवलतीचें. शिकविण्याचें कलम आपण वाचलेंच नाहीं. सवलतीचें पाठ केलें. दहावीचें वर्ष जवळ आलें म्हणजे शहरांतला वकील, डॉक्टर, प्राध्यापक आपल्या मुलाला घेऊन प्रमाणपत्राच्या रांगेंत उभा राहतो. मुलाला गरज असेल तर त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु प्रमाणपत्र हातीं पडलें, मुलगा पास झाला, कीं आपलें आंदोलन संपलें. आपल्यांतल्या किती जणांनीं पहिलीच्या वर्गांत वाचन कसें शिकवितात हें जाऊन पाहिलें? किती जणांनीं जिल्हा परिषदेच्या सभेंत या प्रश्नावर तोंड उघडलें? आपल्याला आपल्या मुलाचे गुण हवे होते. ते मिळाल्यावर बाकीच्या मुलांना ‘ढ’ म्हणण्यास आपण मोकळे झालों.

प्रमाणपत्राचा मार्ग सालदाराच्या मुलासाठीं कसा आहे तो पाहा. केंद्र सरकारनें २०१८ सालीं जाहीर केलेल्या सूचनांप्रमाणें हें प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आंत मिळत नाहीं. पुन्हा चौदाव्या व अठराव्या वर्षीं फेरतपासणी. तपासणीला बालरोगतज्ज्ञ हवा, मानसशास्त्रज्ञ हवा, या कामाचा प्रशिक्षित शिक्षक हवा. आंजीचें भाग्य म्हणून वर्धा व सेवाग्राम येथलीं मोठीं रुग्णालयें जवळ आहेत. मेळघाटांतल्या किंवा गडचिरोलीच्या जंगलांतल्या मुलाची गोष्टच सोडा. तरीसुद्धां प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते, आणि मुळांत जावें कशासाठीं हें सांगणारा कोणी लागतो. आठव्या वर्षाच्या या अटीमागें वैद्यकीय कारण आहे. त्याआधीं केवळ उशीर व खरा दोष यांत भेद करणें कठीण असतें. पण याचा अर्थ असा कीं, पहिली व दुसरी इयत्ता, जेथें वाचनाचा पाया भरला जातो, तेथें कोणताहि डॉक्टर या मुलाच्या मदतीला येऊं शकत नाहीं. तेथें त्याचा वैद्य एकच, वर्गावरचा शिक्षक; औषध एकच, शिकविणें. जी गोष्ट सातव्या वर्षीं वर्गांत रोजच्या वीस मिनिटांनीं साधली असती ती पंधराव्या वर्षीं कागदाच्या तुकड्यानें साधावयाची, ही आपली रीत.

तिसरा आक्षेप शिक्षकांच्या बाजूनें येतो, आणि तो मी आदरानें ऐकतों. दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यांत निवडणुकीचीं, जनगणनेचीं, माहित्या भरण्याचीं कामें. एका मुलासाठीं वर्ग थांबवावा कसा? खरें आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं ठरवून दिलेलें प्रमाण असें कीं, विशेष गरजेच्या मुलांसाठीं प्राथमिक शाळेंत दहास एक व उच्च प्राथमिकमध्यें पंधरास एक विशेष शिक्षक असावा. हें प्रमाण पाळण्याची जबाबदारी शासनाची आहे, आणि ती त्यानें पाळावी म्हणून भांडलें पाहिजे. परंतु विशेष शिक्षक येईपर्यंत हात जोडून बसावें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. कारण या मुलांना जी शिकवण्याची पद्धत लागते ती वर्गांतल्या कोणत्याहि मुलाचें नुकसान करीत नाहीं.

ती पद्धत आपल्याला परकीहि नाहीं. जुन्या पंतोजीच्या शाळेंत मूल पहिलें अक्षर कागदावर काढीत नसे. पाटावर धूळ पसरून तींत बोटानें गिरवीत असे, आणि गिरवतांना मोठ्यानें म्हणत असे. धुळाक्षर हा शब्द त्या धूळपाटीनेंच आपल्याला दिला. डोळ्यांनीं पाहावें, तोंडानें म्हणावें, कानांनीं ऐकावें, बोटांना त्याची वाट कळावी. चारही दारांतून एकच पाहुणा आंत यावा. पंतोजीची छडी मला परत नको आहे, पण त्याची धूळपाटी अवश्य हवी आहे. रोममध्यें मारिया मॉन्टेसोरी या डॉक्टरीणबाईनें आधीं मंद म्हणून टाकलेल्या मुलांना शिकविलें, आणि तेथें जें हातीं लागलें तें १९०७ पासून सामान्य मुलांच्या बालगृहांत वापरलें. तिचीं खरखरीत कागदाचीं अक्षरें म्हणजे धूळपाटीचीच बहीण. ताराबाई मोडकांनीं व अनुताई वाघांनीं बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांत तिची विद्या मराठी मातींत रुजविली. मागें राहिलेल्या मुलांसाठीं शोधलेली रीत सर्वांच्याच उपयोगी पडली, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

शिक्षकानें करावयाचें तें असें. अक्षर दाखविण्यापूर्वीं ध्वनि सुटा करून ऐकवावा. ‘कमळ’ या शब्दांत किती तुकडे आहेत हें टाळ्या वाजवून मोजावें. घ आणि ध एकाच आठवड्यांत शिकवूं नयेत. एक पक्कें झाल्यावर दुसरें काढावें. एका वेळीं एकच मात्रा. पहिल्या वेलांटीची उलटी चाल मुद्दाम सांगून, गिरवून घ्यावी. जें मूल अडखळतें त्याला भर वर्गांत अवचित उठवून वाचावयास लावूं नये. आदल्या दिवशीं त्याला तो उतारा सांगून ठेवावा. ज्याला लिहितां येत नाहीं त्याचें इतिहासाचें उत्तर तोंडीं घ्यावें, म्हणजे त्याला इतिहास येतो कीं नाहीं हें तरी कळेल. फळ्यावरचें दहा वेळां उतरवून काढण्याची शिक्षा बंद करावी. जें येत नाहीं तेंच दहा वेळां चुकीचें केल्यानें तें येऊं लागत नाहीं. यासाठीं इमारत लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. प्रशिक्षण लागतें, आणि थोडा धीर लागतो.

चौथा आक्षेप बोलून दाखविला जात नाहीं, पण मनांत असतो: अशीं मुलें वेगळ्या शाळेंत कां घालूं नयेत? ज्यांस असें वाटतें त्यांनीं एका अक्षराचा इतिहास ध्यानीं घ्यावा. सालदाराचा मुलगा ज्यावर अडला तो ‘ख’ पूर्वीं ‘र’ आणि ‘व’ सुटे ठेवल्यासारखा छापीत. त्यानें पुष्कळांचा घोटाळा होई. म्हणून प्रमाण लेखनांत त्याचा खालचा भाग जोडून टाकण्यांत आला. हा बदल करतांना ‘ज्यांना रव दिसतें त्यांच्यासाठीं निराळा छापखाना काढा’ असें कोणी म्हटलें नाहीं; त्यास सवलत म्हणून कोणी हिणविलें नाहीं. वाट खडबडीत होती, ती सर्वांसाठीं नीट केली, एवढेंच. वर्गाच्या बाबतींतहि मागणें एवढेंच आहे. गोणीवरचा तो ‘ख’ जुन्या वळणाचा होता हें मला मागाहून दिसलें; सातवीच्या वर्गांतलें शिकविणेंहि बहुतेक जुन्याच वळणाचें असणार.

येथें आपल्या एका गोड समजुतीचाहि समाचार घेणें प्राप्त आहे. २००७ सालीं ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि घरोघरीं डोळे पाणावले. त्या चित्रपटानें डिस्लेक्सिया हा शब्द लोकांच्या तोंडीं आणला, हे त्याचे उपकार मोठे आहेत. पण त्यांतला मुलगा असामान्य चित्रकार निघतो, आणि तेव्हांपासून आपण असें धरून बसलों कीं, वाचतां न येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पोटांत एखादी कला दडलेली असते; ती सांपडली कीं सारें भरून निघालें. ही समजूत दयाळू दिसते, पण ती क्रूर आहे. ज्याच्या पोटांत कला नसेल त्यानें काय करावें? आमच्या वावरांतल्या मुलाला चित्र काढतां येत नाहीं. मोटरीचें त्याला कळतें. पण उद्यां तेंहि कळत नसतें तरी वाचतां येण्याचा त्याचा हक्क तसूभर कमी झाला नसता. आपल्या गुणी मुलावर उपकार करावे त्याप्रमाणें अक्षरें वांटावयाचीं नाहींत. तीं कर्जाची फेड आहेत.

वर्धेच्या भूमींत राहून हें लिहितांना नयी तालीमचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. ऑक्टोबर १९३७ मध्यें येथेंच भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हातांच्या उद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची कल्पना देशापुढें मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिला आराखडा दिला. चरख्यावरचें सूत मोजतां मोजतां गणित, कापसाच्या शेतावरून भूगोल, ही दृष्टि ज्यांना अक्षरें जड जातात त्यांच्यासाठीं आजहि मोलाची आहे. परंतु तिचा एक विपर्यास होऊं शकतो, आणि तो होतोच: ‘हा हातानें हुशार आहे, याला पुस्तक नको, बापाबरोबर वावरांत जाऊं द्या.’ हात व पुस्तक यांतलें अंतर मोडण्यासाठीं ती कल्पना निघाली. तिचें नांव घेऊन सालदाराच्या मुलाला सालदार करणें ही तिची विटंबना आहे. आणि आपल्या घरीं असा मुलगा असला तर आपण त्याला वावरांत पाठवीत नाहीं, हें सांगावयास नकोच.

त्या मुलाला आतां वेळ थोडा आहे. शिक्षण हक्काच्या कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन पांचवी व आठवीच्या वर्गांत नापास करण्याची मुभा राज्यांस मिळाली, आणि २०२३ मध्यें महाराष्ट्रानें तिचा अवलंब केला. नापास न केल्यानें मुलें न शिकतां वर जातात ही तक्रार मला मान्य आहे. हा मुलगा तिचाच पुरावा आहे. पण ज्याला कोणी वाचावयास शिकविलेंच नाहीं त्याला त्याच वर्गांत, त्याच रीतीनें, आणखी एक वर्ष बसवून काय साधणार? पुढल्या वर्षीं तो आठवींत जाईल. पेपर पुढें येईल, आणि तो पुन्हां तसाच हंसेल. त्यानंतर शाळेंत येण्याचें त्याला कारण उरणार नाहीं, व त्याचें नांव गळालेल्या मुलांच्या रकान्यांत पडेल. रकाना भरणारा शिक्षक निर्दोष असेल. तपासणारा अधिकारी निर्दोष असेल. मी तर केवळ वावराचा धनी.

गेले चार महिने रविवारीं दुपारीं तो माझ्याकडे ओसरीवर येऊन बसतो. परातींत बारीक रेती घेऊन आम्ही दोघे अक्षरें गिरवतों. मी या विद्येंतला तज्ज्ञ नाहीं. सेवाग्रामच्या रुग्णालयांत त्याला घेऊन जावयाचें ठरलें आहे, तेव्हां जाणत्या माणसाचा सल्ला मिळेल. तूर्त ख आणि रव यांचें भांडण मिटलें आहे. वेलांटीचें चालूं आहे. परवां त्यानें आंजीचा फलक स्वतः होऊन वाचला, व मग माझ्याकडे न पाहतां दुसरीकडे पाहूं लागला. एका प्राध्यापकाच्या एका ओसरीनें हा प्रश्न सुटत नाहीं हें मी जाणतों; ओसरीवरच्या पुण्यावर समाधान मानणें हा आपल्या वर्गाचा आणखी एक जुना दोष आहे. म्हणून वाचकांस दया करा असें माझें सांगणें नाहीं. आपल्या गांवच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सभेस जावें. पहिलीच्या वर्गांत वाचन कसें शिकवितात तें विचारावें. विशेष शिक्षक कोठें आहे, महिन्यांतून किती वेळां येतो, तेंहि विचारावें. आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हां पुन्हां विचारावें. हें करीत असतां आपल्या घरांत, आपल्या मुलांच्या तोंडीं ‘ढ’ हा शब्द आला तर तेथल्या तेथें तो थांबवावा. तें एक अक्षर आहे. त्याची जागा वर्णमालेंत आहे.